नंबरची ओळ

थूल मॅडम भांडखोर होत्या, असं वर्ध्यात अजूनही एखादा म्हणतो. माझ्यासमोर म्हणतो आणि मग माझ्या तोंडाकडे बघत बसतो, की हा आता चिडेल. मी कशाला चिडू? होत्याच भांडखोर. पण कोणाशी भांडल्या, कशासाठी भांडल्या, हे विचारायचं कोणाला सुचत नाही. नुसतं 'भांडखोर' म्हणायचं आणि चहा प्यायचा. म्हणून म्हटलं, आपणच लिहून टाकू एकदाचं.

बसस्टँडजवळ चपलांच्या दुकानावर, लोखंडी जिन्याने चढून गेलं की त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट. मी तिथल्या मशीनांचा मेकॅनिक. नव्वदच्या सुमारास रिबनचे डबे आणि तेलाची कुपी घेऊन पहिल्यांदा तो जिना चढलो. पुढे टाइपरायटरचं दुखणं संपत आलं आणि कॉम्प्युटर आले, तेव्हा धडपडून ते शिकलो आणि तिथेच चिकटलो. पंधराएक वर्षं मॅडमना रोज बघितलं, रोज बोलणी खाल्ली. तेवढा अधिकार मला आहे.

नालवाडीहून सायकलवर यायच्या. कडक खळ दिलेली सुती साडी, मनगटावर वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ. सात म्हणजे सात. उशिरा आलेल्याला एक शब्द बोलायच्या नाहीत. त्या दिवशी त्याने मशीन पुसायची, चालवायची नाही. शिकवण्याची तऱ्हाही अशीच. मुलांच्या हातांवर फडकं टाकायच्या आणि म्हणायच्या, "आता मार. बोटाले आपलं घर माहीत पाह्यजे. खाली काऊन पायतं? तुह्या बोटावर तुहाच विश्वास नाई काय?"

अक्षरांवर फडकं चालून जातं. खरी गंमत सगळ्यात वरच्या, आकड्यांच्या ओळीत. भले भले टायपिस्ट आकडा आला की खाली बघतात. परीक्षेत आकडे येतात किती, चार-दोन. त्यामुळे बाकीच्या इन्स्टिट्यूटवाले तिकडे लक्षच देत नसत. मॅडमच्या इथे मात्र रोज पंधरा मिनिटं नुसती नंबरची ओळ. पोरी कंटाळायच्या, पोरं जांभया द्यायची. मी एकदा म्हटलं, "मॅडम, हे कायले? एवढं कोणी विचारत नाही."

"म्हणून तं," त्या म्हणाल्या. "जे कोणी विचारत नाई तेच अडते, भाऊ."

इन्स्टिट्यूटचा दुसरा नियम पाण्याचा. जिना चढून जो वर येईल त्याला आधी माठातलं पाणी, मग "काय काम हाय?" मग तो विद्यार्थी असो, वर्गणीवाला असो, की मॅडमशी भांडायला आलेला असो. भांडायला आलेल्यांना तर त्या दोन गिलास द्यायच्या. म्हणायच्या, "घसा ओला करा आधी. बोलाचं हाय ना आपल्याले?" माणूस अर्धा तिथेच गार व्हायचा.

तर भांडणं. एका कचेरीच्या दारावर पाटी होती, 'अभ्यांगतांनी बाहेर बसावे'. मॅडम तीनदा साहेबांना भेटल्या, की अभ्यागत असा शब्द आहे, वर टिंब नाही. साहेब तिन्ही वेळा हसले. चौथ्या वेळी मॅडम स्टूल आणि रंगाची डबी घेऊन गेल्या आणि भर दुपारी, शिपायांच्या देखत, टिंब बुजवून आल्या. बोंबाबोंब झाली. सरकारी मालमत्तेला हात लावला म्हणून साहेब इन्स्टिट्यूटमध्ये आले, पाणी प्याले, आणि मग ओरडले. मॅडम म्हणाल्या, "अनुस्वार काढला जी फक्त. कचेरी तं नाई पाडली!" शेजारी उभा असलेला मी इतका हसलो की साहेबांचा सगळा राग माझ्यावर निघाला.

दुसरी एक गोष्ट पुतण्याची. एका मोठ्या अधिकाऱ्याच्या पुतण्याला टायपिंगचं सर्टिफिकेट हवं होतं, टायपिंग नको होतं. त्याला सोडायला-न्यायला ऑफिसचा शिपाई यायचा. पुतण्या हजेरीवर सही करून पसार व्हायचा आणि शिपाई बिचारा दोन तास बाकावर बसून राहायचा. चौथ्या दिवशी मॅडमनी शिपायाला उठवलं. "बसून बसून बाक झिजवून राह्यले. या इकडं." त्याच्या हातांवर फडकं टाकलं. सहा महिन्यांनी पुतण्या नापास झाला आणि शिपाई पास. अधिकाऱ्याचा फोन आला तेव्हा मॅडम अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याच ऑफिसचा माणूस पास झाला, साहेब. पेढे धाडजा."

पेढे आले नाहीत, हे सांगायला नको.

दोन हजार सालानंतर, माझी हौस म्हणून, आम्ही इन्स्टिट्यूटची वेबसाइट काढली. वर्ध्यासारख्या गावात टायपिंगच्या क्लासची वेबसाइट म्हणजे लोकांना थट्टाच वाटली. सरावाचे उतारे, परीक्षेच्या तारखा, अर्जाचे नमुने, एवढंच त्यात. मॅडमनी सगळं नीट तपासलं, दोन वेलांट्या सुधारायला लावल्या आणि विचारलं, "जिना चढून येते त्याले आपण पाणी देतो. अन इथं येणाऱ्याले काय देता?"

"इथं पाणी कसं देणार, मॅडम?"

"तुमीच सांगा. तुमी शिकले ना कॉम्प्युटर."

मग मी जीव ओतून स्वागत तयार केलं. साइट उघडली की आधी हात जोडलेलं चित्र, मग लुकलुकणारं झेंडूचं तोरण, आणि आपोआप वाजणारी सनई. सनई माझ्या साळ्याच्या लग्नात टेप केलेली. नीट ऐकलं तर मागे सासऱ्यांचा खोकला होता. खाली एक काउंटर, किती पाहुणे आले ते मोजणारा. दिवसाला चार यायचे. त्यातले तीन म्हणजे मीच. पण मॅडम खूश होत्या. "आलेल्याले बरं वाटते," म्हणाल्या. मलाही बरं वाटलं. आता आठवलं की कान लाल होतात.

कारण त्यानंतर यादी आली.

एका खात्यात, कोणत्या ते जाऊ द्या, कारकून-टायपिस्टांची भरती होती. विदर्भभरातून पोरांनी अर्ज केले होते. एका मंगळवारी कळलं की नागपूरच्या कचेरीत, मधल्या व्हरांड्यातल्या बोर्डावर, अपात्र उमेदवारांची यादी लागली आहे. नावं नाहीत, नुसते नंबर, आणि पुढे कारणाचा आकडा. कोणाच्या सर्टिफिकेटवर शिक्का नाही, कोणाचा एखादा कागद कमी. कागद पुरा करून गुरुवारी पाचच्या आत स्वतः आणून दिला तर नाव परत येणार, नाहीतर बाद. हे पेपरात नाही, पत्राने नाही. अहेरीच्या पोराने नागपूरच्या व्हरांड्यात येऊन स्वतःचा नंबर शोधावा, अशी त्यांची अपेक्षा! मी म्हटलं, हलकट आहेत. मॅडमनी फोटो स्टुडिओवाल्याचा डिजिटल कॅमेरा मागून आणला आणि मिळेल त्या बसने नागपूरला गेल्या. मी बरोबर.

व्हरांड्यात वॉचमन आडवा आला. "फोटो मना है, मॅडम."

"काऊन? देवाचा गाभारा हाय काय? लोकायसाठी लावलं ना हे? मंग मी लोकंच हाय."

तो बाजूला होईपर्यंत त्यांनी निम्मे कागद काढूनही झाले होते. सगळे मिळून चाळीसेक कागद. परत येऊन संध्याकाळी मी ते सगळे फोटो साइटवर चढवले. फोटोच बरे, असं मला वाटलं. कारण तेव्हा मराठी फॉन्ट ज्याच्या-त्याच्या कॉम्प्युटरवर नसायचा आणि मजकूर किड्या-मुंग्यांसारखा दिसायचा. मॅडमनी दोन पेपरांना फोन केले. बुधवारी सकाळी दोन्हीकडे चौकटीत चार ओळी, खाली आमच्या साइटचा पत्ता आणि इन्स्टिट्यूटचा फोन.

नऊ वाजता मी काउंटर बघितला आणि ओरडलोच. रोजचे चार कुठे, आणि हे काय! पान पुन्हा उघडावं तो आकडा उडी मारून पुढे. नागपूर, अमरावती, यवतमाळ, गोंदिया, जिथे जिथे सायबर कॅफे होता तिथली पोरं आमच्या दारात. मॅडम माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "येऊन राह्यले, भाऊ, लोकं येऊन राह्यले," एवढंच म्हणत होत्या. त्यांना इतकं आनंदी मी क्वचित पाहिलं.

साडेदहाला पान कोरं झालं. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, की या साइटची मर्यादा संपली आहे. यादी गेली, सनई गेली, सगळंच गेलं.

आणि फोन वाजायला लागला. एक ठेवला की दुसरा. "साइट उघडत नाही." "मॅडम, माझा नंबर बघून द्या ना." मॅडम कॉम्प्युटरवर फोटो उघडून एकेकाचा नंबर शोधून सांगत होत्या. पण एक फोन, एक माणूस, आणि अख्खा विदर्भ! त्यातच आर्वीहून एका बाईचा फोन आला. आवाज दमलेला. "मी संगीता बोलून राह्यली, रोहण्याची. सकाळपासून आर्वीच्या कॅफेत उभी हावो. आमच्याकडं फोन नाई. मले वयाचं हे शेवटचं वर्ष हाय, मॅडम, याच्यानंतर फॉर्मच भरता येत नाई. माहा नंबर पायता काय, माहा नंबर..."

कॉइन बॉक्समध्ये टाकलेलं रुपयाचं नाणं संपलं. लाइन कट.

मॅडम रिसिव्हर हातात धरून बसल्या. तिचा फोन परत येईल म्हणून थांबल्या, तर दुसऱ्याच कोणाचा आला. ती यादीत आहे की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता. यादीत नावंच नव्हती. मॅडम उठल्या आणि मला म्हणाल्या, "ज्यायच्याकडून जागा घेतली त्यायले लावा फोन."

जागा म्हणजे साइट ज्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती ती. तिकडे एक पोरगेलासा, सभ्य आवाजाचा पुण्याचा माणूस. "अहो मॅडम, तुमच्या एका साइटपायी बाकीच्यांच्या साइट बसल्या. तुमचा महिन्याचा कोटा दीड तासात संपला. पुढच्या महिन्यात आपोआप चालू होईल."

"उद्या पाचले तारीख संपते."

"मग लोकांना सांगा ना, थोडे थोडे या."

"आग लागली म्हंजे सांगू काय लोकायले, का थोडे थोडे पया?"

तो माणूस, भला होता तो, म्हणाला, "एक करा. साइट हलकी करा, मी स्वतः चालू करून देतो. पण परत जड झाली तर मला बंद करावीच लागेल. एवढं जड काय ठेवलंय हो त्यात? थांबा, बघतो..." आणि फोनवरून आम्हाला आमचीच सनई ऐकू आली. सासऱ्यांच्या खोकल्यासकट. "अहो, हे काय? येणाऱ्या प्रत्येकाला आधी हीच जातेय पूर्ण, मग ते तोरण, मग एवढाले फोटो! यादी बघायच्या आधीच सगळा कोटा सनईने खाल्लाय."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

"काढा, भाऊ."

"तोरण?"

"तोरणबी काढा, काउंटरबी काढा. उन्हातून आलेल्या माणसाले आपण पाण्याच्या आधी वाजंत्री ऐकवून राह्यलो. चूक माहीच हाय. मीच सांगतलं होतं."

"आणि फोटो? फोटो काढले तर यादी कशी दिसणार? फॉन्ट..."

"नंबरले कोणता फॉन्ट लागते?" मॅडम म्हणाल्या.

खरंच, साधा इंग्रजी आकडा कुठल्याही कॉम्प्युटरवर आकडाच दिसतो. पण चाळीस कागद भरून आकडे टाइप करायचे, एक चुकला तर एका माणसाची नोकरी जाणार, आणि ती बाई तिकडे आर्वीत उभी. मॅडमनी फोटोंच्या काळ्याकुट्ट प्रिंट काढायला लावल्या, कागदांचे तीन गठ्ठे केले, सकाळच्या बॅचमधल्या दोन बायकांना दोन बाजूंना बसवलं आणि स्वतः मध्ये बसल्या. फोनचा रिसिव्हर मी काढून ठेवू का विचारलं, तर डोळे वटारले. "वाजू द्या. त्यायले वाजवाचा हक्क हाय."

मग जे मी पाहिलं ते टायपिंगच्या धंद्यातल्या माणसालाच कळेल. तिघींचे डोळे कागदावर आणि दहाही बोटं वरच्या ओळीत. कोणी खाली बघेना. ज्या पंधरा मिनिटांना अख्खा वर्धा हसायचा, त्या पंधरा मिनिटांचं हे. मी दोन बोटांचा टायपिस्ट, माझा उपयोग शून्य. फोन घेत होतो, पाणी देत होतो, आणि झालेलं पान मोठ्याने वाचून ताळा घेत होतो. तीन आकडे चुकले, तिन्ही सापडले. दीडच्या सुमाराला यादी पूर्ण झाली. सगळी मिळून माझ्या सनईच्या चार सुरांएवढीही जड नव्हती.

वर सूचना हवी होती: नंबर असेल तर कागद घेऊन गुरुवारी पाचच्या आत नागपूरला या. मराठीत लिहावी तर फॉन्ट आला. एका अनुस्वारासाठी स्टुलावर चढलेल्या या बाईने तोंड वाकडं केलं आणि इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं. "कसं वंगाळ दिसते हे!" म्हणाल्या. पण लिहिलं.

दोन वाजता पुण्याच्या माणसाने साइट चालू केली. आम्ही उघडून बघितली. ना तोरण, ना हात जोडलेले. पांढऱ्या पानावर नुसते काळे आकडे, झटकन उघडले. किती लोक येताहेत हे कळत नव्हतं, काउंटरच काढलेला. पण हळूहळू फोन वाजायचा कमी झाला. चार वाजता तो पूर्ण गप्प झाला, तेव्हा त्या दोघी बायका एकमेकींना मिठी मारून हसायला लागल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या फोनकडेच बघत होत्या. रोहण्याच्या बाईचा पुन्हा आला नव्हता.

याची किंमत मॅडमना भरावी लागली, ती आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी रडगाणं नको. परवानगीशिवाय यादी छापली म्हणून त्यांना त्या खात्याचं पत्र आलं. मॅडमनी एका ओळीचं उत्तर टाइप केलं: 'बोर्ड वाचण्यासाठी असतो, मी वाचला.' वर्षभरात इन्स्टिट्यूटमधलं टायपिंगचं परीक्षा केंद्र गेलं, मग पोरं गेली, मग इन्स्टिट्यूट गेली. माफी मागा, केंद्र परत मिळेल, असं चार शहाण्यांनी सांगितलं. त्यात मीही होतो, आणि त्याची मला आजही लाज वाटते. मॅडम बहिणीकडे पवनारला राहायला गेल्या आणि पाच-सहा वर्षांनी तिथेच वारल्या. मी मौतीला पोचू शकलो नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या गुरुवारच्याच मॅडम.

गुरुवारी आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. आवकची एक खिडकी, वरून खाली सरकणाऱ्या फळीची, आत एकच कारकून. आणि रांग? व्हरांडा भरून, जिना उतरून, फाटकाबाहेर. आमच्या साइटचं जे झालं तेच आता त्या खिडकीचं होणार, हे मला दिसत होतं. मॅडमनी रांगेतल्या लोकांना आधीच कागद लावून हातात धरायला सांगितलं, पोचपावती मागायला सांगितली, आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: "गाव कोणतं?" वरूड. हिंगणघाट. काटोल. पुलगाव. चिमूर.

पाच वाजताच कारकुनाने फळीला हात घातला. मॅडमनी कोपरापर्यंत हात खिडकीत ठेवला.

"मॅडम, पाचला बंद म्हणजे बंद."

"बरोबर हाय. पण लाइन पाचच्या आधीची हाय. मारा शिक्के."

तो ओरडला. आतून कोणी मोठा साहेब येऊन ओरडला. मॅडमनी आवाज चढवला नाही, हातही काढला नाही. फळी त्यांच्या हातावर टेकलेली. मग साहेब निघून गेला आणि शिक्का पुन्हा पडायला लागला. वणी. देवळी. तुमसर. साडेपाचला शेवटचा माणूस पोचपावती घेऊन गेला.

"झालं ना आता?" कारकून म्हणाला. तोही माणूसच, घामाने भिजला होता. "काढा हात."

मॅडम जिन्याकडे बघत होत्या. जिना रिकामा होता.

"मॅडम, ती यादीत नसेलच," मी हळूच म्हटलं. "असती तर आली असती."

"नसन तं चांगलंच हाय," त्या म्हणाल्या. "पण असन तं?"

हात काढला नाही. कारकुनाने कपाळावर हात मारला आणि खुर्चीत बसला. किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून धापा ऐकू आल्या आणि एक बाई वर आली, चपला हातात, पदर कमरेला खोचलेला. पस्तिशीच्या आत-बाहेरची. खिडकी उघडी बघून तिचा विश्वास बसेना. "बस बंद पडलती," ती म्हणाली. "कोंढाळीपासून ट्रकनं आली."

"गाव?"

"रोहणा."

मॅडमनी तिच्या हातातला कागद घेतला आणि स्वतःच्या हाताखालून आत सरकवला. कारकुनाने शिक्का मारला, नंबर टाकला, पावती फाडून दिली. तेव्हा कुठे मॅडमनी हात बाहेर काढला. कोपराच्या खाली फळीचा लालभडक वळ उठला होता आणि बोटं मिटत नव्हती.

संगीताने पावती दोनदा वाचली, मग तिचं लक्ष त्या हाताकडे गेलं. मॅडमना ती फक्त आवाजाने ओळखत असणार, तेही कट झालेल्या एका फोनवरून. तिला वाटलं, हीसुद्धा आपल्यासारखीच कोणी उमेदवार.

"ताई," तिने विचारलं, "तुमचाबी अर्ज राह्यला होता काय वो?"

"हो," मॅडम म्हणाल्या. "आत्ता झाला."